सोनेरी धागा मशीनवर सारखा का तुटतो? आणि त्याचा भुर्दंड कोणाला पडतो?

लग्नसराई जवळ आली की मोबाइलवर ब्लाउजचे रील्स सुरू होतात. पाठीवर सोनेरी मोर, बाहीवर वेलबुट्टी. सुई सरसर फिरते आणि दहा सेकंदांत डिझाइन तयार! त्या दहा सेकंदांच्या आधी धागा किती वेळा तुटला, हे मात्र रीलमध्ये कधीच दिसत नाही.

शिवणकाम करणाऱ्या कोणालाही विचारून बघा. साध्या दोऱ्यावर दिवसभर मुकाट चालणारं मशीन सोनेरी धागा लावला की दर थोड्या वेळाने थांबतं. धागा सुईपाशी पिंजतो, त्याची चमकदार साल निघून गोळा होते, आतला पांढरा दोरा उघडा पडतो आणि तुटतो. मग पुन्हा ओवा, पुन्हा सुरू करा. बहुतेक जण मशीनला दोष देतात, नाहीतर धागा विकणाऱ्या दुकानदाराला. कधीकधी तो दोष खराही असतो. पण मूळ कारण या धाग्याच्या रचनेत आहे. ती एकदा समजली की धागा कसा शिवायचा, कपडा कसा धुवायचा आणि 'जरी'च्या नावाखाली आपण नेमकं काय विकत घेतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात.

भिवंडीसारख्या शहरात तर हा थेट रोजीरोटीचा प्रश्न आहे. कारण इथे कापडाचं बहुतेक काम नगावर, मीटरवर किंवा टाक्यांवर मोजलं जातं. धागा तुटला की काम थांबतं. आणि थांबलेल्या वेळेचे पैसे कोणी देत नाही.

'सोनेरी' धाग्यात सोनं किती?

सरळ उत्तर: बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मेटॅलिक धाग्यांमध्ये सोनं अजिबात नसतं. चांदीही नसते. असतं ते प्लास्टिक आणि त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर.

हा धागा बनतो असा. पॉलिस्टरची पारदर्शक फिल्म घेतात. तिची जाडी साधारण १२ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पातळ. ही फिल्म निर्वात कक्षात ठेवून तिच्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवली जाते. चिप्सच्या पाकिटाला आतून जो चंदेरी थर दिसतो, तो याच पद्धतीने दिलेला असतो. या थराची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. त्यावर लॅकरचं आवरण येतं. लॅकर पिवळसर असेल तर धागा सोनेरी दिसतो, रंगहीन असेल तर चंदेरी. म्हणजे सोनेरी रंग येतो तो वरच्या पिवळ्या लेपामुळे.

मग ही फिल्म अगदी अरुंद पट्ट्यांमध्ये कापतात. एका इंचात शंभराच्या आसपास पट्ट्या बसतील इतक्या अरुंद. काही वेळा ही चपटी पट्टी तशीच धागा म्हणून वापरतात. शिवण आणि भरतकामाच्या धाग्यात ती सहसा पॉलिस्टर, नायलॉन किंवा रेयॉनच्या दोऱ्याभोवती गुंडाळलेली असते. धागा तुटण्याआधी जी चमकदार साल निघते, ती हीच पट्टी.

आधुनिक मेटॅलिक धाग्याची सुरुवात अमेरिकेतली. क्लीव्हलँडच्या डोबेकमन कंपनीने १९४६ मध्ये असा धागा बाजारात आणला आणि त्याचं 'ल्युरेक्स' हे नाव जगभर रूढ झालं. भारतात जरीचं मोठं केंद्र म्हणजे सुरत. तिथल्या जरीकामाला भौगोलिक मानांकन आहे. प्लास्टिकवर आधारलेला मेटॅलिक धागाही आज मोठ्या प्रमाणावर सुरतेतूनच येतो.

मग 'खरी जर' म्हणजे काय?

'जर' हा शब्द फारसी 'झर'वरून आला. त्याचा अर्थ सोनं. भरजरी, जरतारी, मराठ्यांच्या सैन्याचा जरीपटका हे सगळे शब्द तिथूनच आलेले.

पारंपरिक जरीत चांदीची तार ओढून बारीक करतात आणि मग चपटी करतात. या चपट्या तारेला बादला म्हणतात. बादला रेशमी धाग्याभोवती गुंडाळतात आणि त्यावर सोन्याचा मुलामा देतात. अशी जर म्हणजे कलाबतू. तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा देऊन बनवलेली जर ही दुसरी, स्वस्त पायरी. तिसरी आणि सगळ्यांत स्वस्त पायरी म्हणजे वर सांगितलेली प्लास्टिक जर.

तिन्ही दुकानात 'जरी' याच नावाने विकल्या जातात. येवल्याच्या हातमागावरची पैठणी आणि यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' यांच्या किमतीत जो प्रचंड फरक दिसतो, त्यात हातमागावरची मेहनत आणि रेशीम यांच्या जोडीला जरीचाही वाटा असतो. प्लास्टिक जर वापरण्यात गैर काहीच नाही. ती हलकी असते, स्वस्त असते आणि चांदीसारखी काळी पडत नाही. गैर आहे ते प्लास्टिक विकून चांदीचे पैसे घेणं.

मशीनमध्ये या धाग्याचं नेमकं काय होतं?

शिलाई मशीनचा टाका कसा बसतो, हे आधी पाहू.

सुई धागा घेऊन कापडातून खाली जाते. वर येऊ लागली की तिच्या मागे धाग्याचा छोटा फास तयार होतो. शटलची नोक हा फास पकडते आणि बॉबिनभोवती फिरवून आणते. बॉबिनचा धागा त्यात अडकतो. मग मशीनच्या पुढच्या बाजूला वरखाली होणारी दांडी, म्हणजे टेक-अप लिव्हर, उरलेला धागा परत वर खेचते. टाका बसला.

आता गंमत बघा. एका टाक्यात जेमतेम तीन मिलिमीटर धागा खर्च होतो. पण शटलभोवती फिरण्यासाठी प्रत्येक टाक्याला त्याच्या कितीतरी पट धागा खाली जातो आणि परत वर येतो. म्हणजेच धाग्याचा एकच तुकडा कापडात कायमचा बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून काही डझन वेळा खालीवर घासला जातो.

साधा पॉलिस्टर किंवा सुती दोरा हे घासणं सहन करतो. तो गोल असतो, लवचिक असतो आणि आतून-बाहेरून एकसारखा असतो. मेटॅलिक धाग्याचं तसं नाही. त्याचे प्रश्न चार:

• साल निघते. वरची पट्टी आतल्या दोऱ्याला नुसती गुंडाळलेली असते. नेढ्याच्या कडेला घासून ती सैल होते, सरकते आणि गोळा होऊन अडकते.

• पीळ पडतो. चपट्या पट्टीला रिळावरून सुटताना पीळ बसला की तिच्या गुठळ्या होतात. गुठळी टेन्शनच्या चकत्यांमध्ये किंवा नेढ्यात अडकते.

• फास नीट होत नाही. धागा ताठ असला की सुईमागचा फास वेडावाकडा होतो. शटलची नोक त्याला चुकवते आणि टाका सुटतो, नाहीतर नोक धाग्यातच घुसून त्याला चिरते.

• उष्णता. वेग वाढला की घर्षणाने सुई तापते. पॉलिस्टर ७०-८० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागतं. वितळतं साधारण २५० अंशांना, पण धागा कमजोर व्हायला वितळण्याची गरज नसते.

हाताने काम करणारे कारागीर हे कसं टाळतात?

जरदोजीचं काम जवळून पाहिलं असेल तर एक गोष्ट लक्षात येईल. जाड जरीची तार किंवा दोर कारागीर कापडातून आरपार नेत नाही. ती कापडावर पसरतो आणि बारीक साध्या दोऱ्याने जागोजागी टाचून टाकतो. जर वर राहते, टाचणारा दोरा खालून येतो. धातूचा धागा घासला तर खराब होतो, हे ओळखून काढलेला हा उपाय शेकडो वर्षं जुना आहे.

कारागीर जे टाळतो, नेमकं तेच आपण मशीनकडून करून घेतो. नाजूक आवरण असलेला धागा मिनिटाला शेकडो वेळा एका बारीक छिद्रातून ओढतो. त्यामुळे तो तुटतो यात नवल नाही. पुढच्या सगळ्या युक्त्यांचा हेतू एकच आहे: घासणं कमी करणं.

भिवंडीत हा हिशेब पैशांचा का होतो?

ठाणे जिल्ह्यातली भिवंडी ही यंत्रमागांची नगरी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. १८५७ नंतर उत्तरेतून आलेली विणकर मोमीन-अन्सारी कुटुंबं, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कामगार यांनी हे शहर घडवलं. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. नंतर गिरण्या एकेक करून मंदावल्या आणि कापडाचं बरंच काम भिवंडीसारख्या यंत्रमाग केंद्रांकडे सरकलं.

गिरणीत महिन्याचा पगार होता. यंत्रमागावर मात्र मजुरी बहुतेक वेळा मीटरवर मिळते. जितकं कापड, तितके पैसे. मागाच्या जोडीने वाढलेल्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीतही दर साधारणपणे हजार टाक्यांवर ठरतो. घरी बसून लेस लावणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या बायकांना नगावर पैसे मिळतात. मीटर, टाका, नग या तिन्ही पद्धतींत तयार माल मोजला जातो, वेळ मोजला जात नाही. आणि मेटॅलिक धागा खातो तो नेमका वेळच.

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत.

समजा, २० हेडचं एम्ब्रॉयडरी मशीन आहे. म्हणजे एकाच वेळी २० कापडांवर तेच डिझाइन उमटतं. डिझाइनमध्ये ३०,००० टाके आहेत. साध्या पॉलिस्टर धाग्यावर मशीन मिनिटाला ८०० टाके टाकत असेल, तर काम साधारण ३८ मिनिटांत होतं.

आता सोनेरी धागा लावला. वेग कमी करून ५५० वर आणला. वेळ झाला ५५ मिनिटं.

इथपर्यंत ठीक. पण आता तुटण्याचा हिशेब धरा. प्रत्येक हेडवर पूर्ण डिझाइनमध्ये धागा फक्त एकदाच तुटला असं मानू. एकदाच म्हणजे फार चांगली कामगिरी झाली! पण हेड २० आहेत आणि सगळे एकाच वेळी चालतात. एका हेडचा धागा तुटला की सेन्सर पूर्ण मशीन थांबवतो. बाकीचे १९ हेड वाट बघतात. असे २० थांबे, प्रत्येकाला एक मिनिट, म्हणजे आणखी २० मिनिटं.

एकूण ७५ मिनिटं. साध्या धाग्याच्या जवळजवळ दुप्पट. बारा तासांच्या पाळीत कापड बदलण्याचा वेळ सोडला तरी १८ खेपांच्या जागी ९ खेपा होतात.

हजार टाक्यांचा दर तोच राहिला, तर कारखान्याची कमाई अर्धी. ऑपरेटरची मजुरी उत्पादनावर असेल, तर त्याचीही अर्धी. ताण मात्र दुप्पट, कारण दर काही मिनिटांनी कुठला हेड थांबला ते शोधून, वाकून, पुन्हा धागा ओवायचा असतो. म्हणून मेटॅलिक कामाचा दर वेगळा ठरवणं ही वाजवी मागणी आहे. कोणी दर वाढवून मागितला तर त्याला 'धागा थोडा महाग आहे' एवढंच कारण नसतं. धाग्यापेक्षा थांबे महाग पडतात.

एका शिलाई मशीनवर काम करणाऱ्या बाईचंही गणित हेच. फरक इतकाच, की तिच्या थांबलेल्या मिनिटांची नोंद कुठल्याच पडद्यावर होत नाही.

घरच्या मशीनवर काय बदलायचं?

एकेक बदल करा आणि दर वेळी त्याच कापडाच्या चिंधीवर चालवून बघा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

१. सुई बदला. सगळ्यांत मोठा फरक इथे पडतो. 'मेटॅलिक' किंवा 'टॉपस्टिच' नावाने मिळणाऱ्या सुईचं नेढं लांब आणि मोठं असतं. पाकिटावर ९०/१४ असा आकडा बघा. ती मिळाली नाही, तर साधी १६ नंबरची नवी सुई लावा. जुन्या सुईच्या नेढ्याला किंवा टोकाला बारीक खरवड आलेली असते. साध्या दोऱ्याला ती चालून जाते, या धाग्याला नाही.

२. रीळ कसं सुटतं ते बघा. धागा रिळाच्या टोकावरून निघाला तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो. चपट्या धाग्याचं छोटं रीळ म्हणूनच उभ्या दांडीवर ठेवा, म्हणजे रीळ फिरेल आणि धागा बाजूने सरळ सुटेल. मोठा कोन असेल तर तो मशीनच्या मागे, थोडा लांब, एखाद्या डब्यात किंवा तांब्यात उभा ठेवा. सुईपर्यंतचं अंतर वाढलं की धाग्यातला पीळ वाटेत मोकळा होतो.

३. वरचं टेन्शन कमी करा. डायल नेहमी ४ वर असेल तर २ वर आणा. गरज पडली तर १ वर. उलट बाजूला सोनेरी धागा किंचित दिसला तरी चालेल. सुलट बाजूला बॉबिनचा दोरा दिसला, तर टेन्शन अजून जास्त आहे असं समजा.

४. हळू चालवा. मोटर असेल तर पॅडल निम्म्याहून कमी दाबा. पायाचं जुनं मशीन असेल तर इथे तेच सोयीचं. वेग पूर्णपणे तुमच्या पायात असतो.

५. टाका मोठा ठेवा. तीन ते साडेतीन मिलिमीटर. छोट्या टाक्यात धागा त्याच जागी जास्त वेळा घासला जातो. शिवाय मोठ्या टाक्यावर उजेड जास्त पडतो, म्हणून चमकही छान दिसते. शेवट पक्का करायला मागेपुढे शिवू नका. धाग्याची टोकं उलट बाजूला ओढून हाताने गाठ मारा.

६. बॉबिनमध्ये साधा दोरा भरा. पातळ, गुळगुळीत पॉलिस्टर दोरा, शक्यतो जुळत्या रंगाचा. वर-खाली दोन्हीकडे मेटॅलिक लावलं तर एक दुसऱ्याला खरवडतं.

७. तरीही तुटतोय? मग उलटं करा. सोनेरी धागा बॉबिनमध्ये भरा, वर साधा दोरा लावा आणि कापड उलटं ठेवून शिवा. बॉबिनचा धागा सुईच्या नेढ्यातून जातच नाही, म्हणून तो घासला जात नाही. डिझाइन अर्थातच उलट बाजूला काढून घ्यावं लागेल. जाड धाग्यासाठी बॉबिन केसचा स्क्रू थोडा सैल करावा लागतो. त्यासाठी दुसरी बॉबिन केस ठेवा, म्हणजे नेहमीच्या केसची सेटिंग बिघडणार नाही.

८. जाड जर असेल तर जरदोजीवाल्यांचा मार्ग धरा. जरीची दोरी कापडावर पसरा आणि वरून जुळत्या रंगाच्या दोऱ्याने झिगझॅग टाका घाला. जर नेढ्यात जातच नाही, त्यामुळे तिथे घासून तुटण्याचा प्रश्नच मिटतो.

कापड पातळ असेल तर खाली बॅकिंग पेपर लावा. कापड गोळा झालं की धाग्यावरही ताण येतो.

कॉम्प्युटर मशीनवर आणखी काय?

वरचे सुई, टेन्शन आणि वेगाचे नियम इथेही लागू आहेत. पण इथे अर्धा प्रश्न मशीनवर काम सुरू होण्याआधीच, पंचिंग करतानाच ठरतो.

साध्या धाग्यासाठी केलेलं डिझाइन जसंच्या तसं सोनेरी धाग्यावर चालवलं, की तुटणं वाढतं. साध्या धाग्यात दोन ओळींमध्ये साधारण ०.४ मिलिमीटर अंतर ठेवतात. मेटॅलिकसाठी ते ०.५ ते ०.६ पर्यंत वाढवावं लागतं. बारीक टाके काढून टाकावे लागतात आणि एका थरावर दुसरा थर येणं टाळावं लागतं. सुई जितक्या वेळा आधीच भरलेल्या जागेतून जाईल, तितका धागा जास्त चिरला जाईल.

याचा एक फायदाही आहे. टाके कमी झाल्याने वेळ वाचतो आणि डिझाइन ताठ पुठ्ठ्यासारखं होत नाही. पण दर हजार टाक्यांवर असेल, तर टाके कमी झाले की बिलही कमी होतं! चांगलं पंचिंग करणाऱ्यालाच तोटा. म्हणून मेटॅलिक कामाचा दर नुसत्या टाक्यांवर न ठरवता नगावर किंवा मशीनच्या तासांवर ठरवणं दोन्ही बाजूंना सोयीचं पडतं.

कपडा घरी आला. आता काय काळजी घ्यायची?

धागा प्लास्टिकचा आहे हे लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप कळतं.

इस्त्री: उलट बाजूने, कमी तापमानावर, मध्ये सुती कापड ठेवून. थेट गरम इस्त्री फिरवली तर धागा आक्रसतो आणि कापडाला चुण्या पडतात. त्या नंतर जात नाहीत.

धुणं: धुण्याचा सोडा, ब्लीच आणि तीव्र डिटर्जंट टाळा. ॲल्युमिनियम अल्कलीत विरघळतं. वरचं लॅकर झिजलं असेल तर सोड्याचं पाणी आतला धातूचा थर खातं आणि धागा चक्क पारदर्शक होतो. काही धुण्यांनंतर सोनेरी बुट्टी चंदेरी दिसू लागली, तर पिवळा लेप गेला असं समजा. बुट्टी पांढुरकी झाली तर धातूही गेला. सौम्य साबण, थंड पाणी, आणि पिळायचं नाही.

घडी: भरतकामावर कडक घडी घालू नका. घडीच्या रेषेवर लेप आधी तडकतो.

'खरी जर' ओळखायची कशी?

इथे प्रश्न टाक्याचा राहत नाही, थेट खिशाचा होतो. घरात आजीची जुनी साडी असेल आणि दारावर 'जुन्या जरीच्या साड्या घेतो' म्हणणारा आला असेल, तर हे आधी वाचा.

काठाच्या टोकाचा एखादा सुटा धागा घ्या. साडीतून ओढून काढू नका. तो नखाने खरवडा. खऱ्या जरीत धातूची चपटी तार उलगडते आणि आत रेशमी धागा दिसतो. कांचीपुरमच्या चांदीच्या जरीत तो बहुधा लाल असतो. प्लास्टिक जरीत पातळ, पारदर्शक पट्टी सुटते.

दुसरी खूण जळण्याची. सुटा धागा चिमट्यात धरून, साडीपासून दूर, जाळून बघा. प्लास्टिक आक्रसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. खऱ्या किंवा तांब्याच्या जरीत आतला दोरा जळून जातो आणि धातूची तार शिल्लक राहते.

तिसरी खूण काळाची. चांदी हवेतल्या गंधकामुळे काळवंडते, तांबं तपकिरी किंवा हिरवट पडतं. प्लास्टिक जर काळी पडत नाही, तिचा लेप सुटतो. म्हणजे आजीच्या साडीचा काठ काळवंडला असेल तर ती कवडीमोल समजून देऊन टाकण्याआधी थांबा. ती काळी छटाच आत चांदी असल्याची खूण असू शकते.

या खुणांवरून प्लास्टिक की धातू, हे कळतं. चांदी किती, ते कळत नाही. त्यासाठी सराफाकडे एक्स-रे तपासणीच्या यंत्रावर साडी दाखवा. साडी न कापता चांदीचं प्रमाण समजतं.

आणखी एक महत्त्वाचं. साडीवर 'सिल्क मार्क' असेल तर रेशीम खरं असल्याची ती खूण आहे. जरीबद्दल तो शिक्का काहीच सांगत नाही. जर कसली आहे, हे दुकानदाराला वेगळं विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

थोडक्यात

• बाजारातला बहुतेक सोनेरी धागा म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावरचा ॲल्युमिनियमचा पातळ थर.

• तो तुटतो कारण टाका बसण्याआधी तोच भाग नेढ्यातून डझनावारी वेळा घासला जातो.

• मोठ्या नेढ्याची नवी सुई, सरळ सुटणारं रीळ, कमी टेन्शन, कमी वेग आणि मोठा टाका या पाच गोष्टींनी बराच फरक पडतो.

• धागा तुटण्याची खरी किंमत वेळेत असते. नगावर किंवा टाक्यांवर मजुरी मिळणाऱ्याच्या खिशातून ती जाते.

पुढच्या वेळी टेलर म्हणाला की 'सोनेरी धाग्याचे जास्त लागतील', तर घासाघीस करण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: एका ब्लाउजला धागा किती वेळा तुटतो? त्याने आकडा सांगितला, तर जास्तीचे पैसे कशाचे आहेत ते तुम्हाला कळेल. आणि 'आमच्याकडे तुटतच नाही' असं उत्तर आलं, तर त्याची सुई आणि मशीनचा वेग दोन्ही एकदा बघून या. शिकण्यासारखं काहीतरी नक्की असेल.